कोपऱ्याचा तुकडा

कोलंबसला नोकरी लागली आणि मी राहायला आलो, त्या पहिल्या रात्री गादीसुद्धा आली नव्हती. जमिनीवर चादर टाकून मी फोनवर शोधत होतो: इथे डेट्रॉइटसारखा पिझ्झा कुठे मिळतो?

मी नाशिकचा. इंजिनियरिंग पुण्यात केलं, मग एमएससाठी दोन वर्षं डेट्रॉइटला होतो. म्हणजे त्या पिझ्झाशी माझं नातं सगळं मिळून दोन वर्षांचं. हा हिशेब मी तेव्हा केला नाही. पुढे करावा लागला.

तो पिझ्झा तुम्ही खाल्ला नसेल तर थोडं सांगतो. तो गोल नसतो, आयताकृती असतो. उंच काठाच्या पोलादी ट्रेमध्ये भाजतात. चीज अगदी ट्रेच्या भिंतीला टेकेपर्यंत पसरतात, त्यामुळे कडेला ते वितळून तिथेच तळलं जातं आणि काळपट, कुरकुरीत होतं. दुधाच्या पातेल्याची खरवड आठवा, तसलं काहीतरी. आणि सॉस चीजच्या खाली नाही, वरून घालतात. १९४६ साली गस ग्वेरा नावाच्या माणसाने डेट्रॉइटमध्ये आपल्या बारमध्ये हा प्रकार सुरू केला. तो बार आज 'बडीज' म्हणून प्रसिद्ध आहे. ट्रे मोटार कारखान्यातला, सुटे भाग ठेवायचा, असं तिथे प्रत्येक जण अभिमानाने सांगतो.

आम्ही चौघे रूममेट होतो. लहान पिझ्झाचे चार तुकडे होतात आणि चारही कोपऱ्याचे. म्हणजे प्रत्येकाला दोन बाजूंची कड. भांडायला जागाच नाही. विजेचं बिल, भांडी, बाथरूम यांवरून आमच्यात रोज वाजायचं, पिझ्झावरून कधी वाजलं नाही. पोट अर्थातच भरायचं नाही. घरी येऊन मुगाच्या खिचडीचा कुकर लागायचा.

कोलंबस डेट्रॉइटपासून गाडीने तीन-सव्वातीन तासांवर. पण हे ओहायो आणि ते मिशिगन. टोलेडो शहर कुणाचं यावरून १८३५ साली दोन्हीकडून मिलिशिया निघाली होती. आता तो राग फुटबॉलमध्ये जिरवतात. मॅचच्या आठवड्यात इथल्या विद्यापीठात पाट्यांवरच्या इंग्रजी 'एम' अक्षरावर लाल टेपने फुली मारतात. अशा गावात मी मिशिगनचा पिझ्झा विचारत फिरत होतो. शेजारच्या टीममधला एक जण तर म्हणाला, 'आमच्याकडे आमचा आहे की.' आणि आहेच. कोलंबसचा पिझ्झा पातळ, गोल, पण चौकोनी तुकड्यांत कापलेला, पेपरोनी अगदी काठापर्यंत. शुक्रवारी ऑफिसात मागवायचे. मी त्याला 'पापडावर चीज' म्हणायचो. मिसळीबरोबर पापड देणाऱ्या नाशिकच्या माणसाने हे म्हणावं, हे आता लिहिताना खटकतंय.

चार-पाच महिन्यांनी एक लहानसं दुकान सापडलं. पाटीवर 'डेट्रॉइट स्टाइल' असं मोठ्या अक्षरांत. एकटाच गेलो. लहान पिझ्झा मागवला, चारही कोपरे माझेच होते. कड मऊ होती. चीज काठापर्यंत पोचलंच नव्हतं. सॉस खाली. घरी येऊन दोन स्टार दिले आणि लिहिलं की सॉस खाली आहे, कड कुरकुरीत नाही, मी डेट्रॉइटमध्ये राहिलेलो आहे, हा डेट्रॉइटचा पिझ्झा नाही. आणि शेवटी एक शब्द: 'फेक'. बऱ्याच लोकांनी त्याला 'उपयुक्त' म्हणून अंगठा दिला. त्या दुकानाचं पान उघडलं की सगळ्यात वर मीच दिसायचो. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं.

सात-आठ महिन्यांनी त्या रस्त्याने जाताना पाटी बदललेली दिसली. आता नुसतं 'चौकोनी पिझ्झा'. आत गेलो. मालक पन्नाशीतला, गल्ल्यावर तोच. मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, पाटी का बदलली? तो म्हणाला, 'लोक वाद घालायला लागले हो. खरा नाही म्हणायचे. मी तिथेच सेव्हन माइलजवळ वाढलो. माझी मावशी रविवारी केकच्या ट्रेमध्ये असाच करायची. ते खास चीज आणायला कोण जाणार? पण कुणाकुणाला सांगत बसू? काढून टाकला शब्द.'

मी कोण, हे मी त्याला सांगितलं नाही. पिझ्झा घेतला, नेहमीपेक्षा जास्त टिप ठेवली आणि निघालो. भित्र्या माणसाची माफी बहुतेक टिपमधून जाते.

त्या रात्रीपासून मी या प्रश्नाशी झटतोय. पहिली प्रतिक्रिया अशी की बस, चूक माझीच. तो डेट्रॉइटचा, मी दोन वर्षांचा पाहुणा, मी कोण त्याला खोटं ठरवणारा? पण हे उत्तर मला पटत नाही. फार सोयीचं आहे ते. पिझ्झा खरंच मऊ होता. एखादा माणूस त्या गावात जन्मला म्हणून त्याच्या हातचं सगळं त्या गावचं होतं का? नाशिकचा माणूस मिसळीत साखर घालेल तर मी तिला नाशिकची मिसळ म्हणेन का? नाही म्हणणार. जीव गेला तरी नाही.

नेपल्सच्या लोकांनी हा गुंता आपल्यापुरता सोडवलाय. १९८४ साली त्यांनी संघटना काढली आणि पुढे २०१० मध्ये युरोपियन युनियनकडून 'पिझ्झा नापोलेताना'ला संरक्षण मिळवलं. त्याचं स्पेसिफिकेशन वाचून माझ्यातला इंजिनियर खूश झाला होता: व्यास ३५ सेंटिमीटरच्या आत, काठ एक ते दोन सेंटिमीटर, लाकडाच्या भट्टीत ६० ते ९० सेकंद. पण खरी गंमत पुढे आहे. हे संरक्षण गावाला नाही, पद्धतीला आहे. नियम पाळून कुणीही, कुठेही तो पिझ्झा करू शकतं. म्हणजे नियम पाळणारा कोलंबसचा पोरगा पास आणि घरच्या ओव्हनमध्ये मनासारखा भाजणारी नेपल्सची आजी नापास.

या हिशेबाने मी बरोबर होतो. नाव पद्धतीचं असेल तर माझा रिव्ह्यू खरा. नाव माणसांचं असेल, एखाद्या गावातल्या लोकांनी जे खाल्लं, केलं, भागवलं त्याचं असेल, तर मावशीचा केकचा ट्रे खरा. नावाचे हे दोन्ही अर्थ चालू आहेत आणि आपण वाद घालताना एकातून दुसऱ्यात कधी उडी मारतो ते आपल्यालाही कळत नाही. मी रिव्ह्यूमध्ये नेमकं तेच केलं होतं. पुरावा पद्धतीचा दिला, सॉस आणि कड. अधिकार मात्र माणसांचा सांगितला: मी तिथे राहिलेलो आहे.

पद्धत तरी कुणाची म्हणा. चीज विस्कॉन्सिनचं, पिठाची परंपरा सिसिलीची, ट्रे कारखान्यातला. आमच्या मिसळीतली मिरची पोर्तुगीजांबरोबर आली आणि 'पाव' हा शब्दही त्यांचाच. म्हणून सगळं सारखंच, काहीही कशालाही म्हणा, असं मी म्हणत नाहीये. पाटीवर नाव लिहिणारा गिऱ्हाइकाला काहीतरी कबूल करत असतो. कुरकुरीत कड कबूल केली असेल तर ती मिळायला हवी, पैसे मोजलेत. पण चौघांत चार कोपरे आणि नंतरची खिचडी त्याने कबूल केली नव्हती. त्या दोन स्टारांतला एक स्टार मी बहुतेक त्याबद्दल कापला होता.

ऑफिसात मी रोज बग लिहितो. त्याचा साचा ठरलेला आहे: काय अपेक्षित होतं, काय झालं, कसं घडलं. कोड लिहिणारा लबाड आहे असं कुणी लिहीत नाही. लिहिलं तर मॅनेजर बोलावून घेईल. कारण बग दिसतो, हेतू दिसत नाही. ही शिस्त मला पगारासाठी जमते. रात्री अकरा वाजता, एकटा, फोन हातात असताना जमली नाही. 'फेक' या शब्दात पिझ्झाबद्दल काहीच नाही. तो माणसाबद्दल आहे आणि त्या माणसाला मी ओळखतही नव्हतो. नेपल्सला निदान तपासनीस आहेत, त्यांच्या हातात नियम आहेत, चुकले तर कुणी जाब विचारेल. डेट्रॉइटच्या पिझ्झाला असं कुणी नाही. तपासनीस म्हणजे मी आणि माझ्यासारखे, घरची आठवण येणारे, खिशात फोन असणारे. मला कुणी जाब विचारला नाही. उलट अंगठे मिळाले.

रिव्ह्यू उडवून टाकावा असंही वाटलं. पण मग पुढच्या गिऱ्हाइकाला कड मऊ आहे हे कोण सांगणार? आणि खरं तर ते पुसणं माझ्या सोयीचं होतं, त्याच्या नाही. शेवटी बग लिहितो तसा परत लिहिला. अपेक्षित: सॉस वर, कड कुरकुरीत. प्रत्यक्षात: सॉस खाली, कड मऊ. मालक डेट्रॉइटचे आहेत, घरी असाच करायचे असं सांगतात. चव चांगली आहे. 'फेक' काढला आणि आधी तो लिहिला होता हेही खाली लिहिलं. स्टार दोनाचे तीन केले.

मागच्या महिन्यात परत जाऊन आलो. या वेळी तो रिव्ह्यू माझा हे त्याला सांगितलं. तो बराच वेळ खोका बांधत राहिला आणि मग म्हणाला, 'कड कुरकुरीत हवी असेल तर आधी सांगत जा, दोन मिनिटं जास्त ठेवतो.' ठेवला त्याने. कड खरंच बरी झाली होती. पाटीवर मात्र अजून 'चौकोनी पिझ्झा' एवढंच आहे.