निकाल कोणाचा?

मुलांचा निकाल पाहून शाळेला पैसे द्यावेत, म्हणजे मास्तर आपोआप कामाला लागतील, हा विचार दर पंधरा-वीस वर्षांनी कोणाला तरी नव्याने सुचतो. इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांनी तो १८६२ साली अमलात आणला होता. तपासनीस यायचा, मुलाकडून वाचन, लेखन आणि हिशेब करून घ्यायचा आणि पास झालेल्या मुलांची संख्या धरून शाळेचं अनुदान ठरायचं. पुढे ही पद्धत हिंदुस्थानातही आली. तिच्याविषयी सर्वांत नेमकं मत पुण्यातून गेलं. १८८२ साली शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी लिहिलं की, गरीब आणि शिक्षणाविषयी उदासीन असलेल्या लोकांत ही पद्धत उपयोगाची नाही. अशा वस्तीत कोणताही शिक्षक आपल्या हिमतीवर शाळा काढणार नाही, कारण तिच्यावर त्याचं पोट भरणार नाही. लोकांना शिक्षणाची गोडी लागेपर्यंत तिथे सरकारी शाळाच हव्यात आणि त्यांना खास उत्तेजनही हवं.

हे लिहिणारा माणूस शाळा या प्रकाराबद्दल भाबडा नव्हता. १८४८ साली बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा काढल्यापासून मूल शाळेत यायला काय लागतं आणि टिकायला काय लागतं, हे त्यांनी आणि सावित्रीबाईंनी रोज पाहिलं होतं. १८५५ साली त्यांच्याच शाळेतल्या मुक्ता या मांग समाजातल्या मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ‘या मुलांना येणारच नाही’ म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर देता आलं नसतं. तरीही फुल्यांनी आपल्या शाळांच्या यशाचं भांडवल केलं नाही. आयोगासमोर त्यांनी हिशेब मांडला. सरकारच्या तिजोरीतला मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे झुकतो. वरच्यांना शिकवलं की विद्या आपोआप खाली झिरपेल, हे सरकारी धोरण त्यांना मान्य नव्हतं. ती झिरपलेली त्यांनी पाहिलीच नव्हती.

त्यांच्या मागण्या वाचताना मला नेहमी वाटतं की त्या एखाद्या अंदाजपत्रकाच्या टिपणासारख्या आहेत. निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा. मोडी, बाळबोध आणि हिशेबाबरोबर थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची माहिती आणि आरोग्याचे धडे द्या. प्रशिक्षित शिक्षकाला महिना बारा रुपयांहून कमी पगार नको. शिवाय शिक्षक असा हवा, की ज्याला लोकांत मिसळता येईल आणि वेळ पडली तर नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हातात धरायला लाज वाटणार नाही. शिकणाऱ्याचं घर आणि शिकवणाऱ्याचं घर यांच्यात अंतर असलं की शिक्षणातही अंतर पडतं, हे त्यात गृहीतच आहे. आजच्या शिक्षक प्रशिक्षणात हा मुद्दा मला फारसा दिसत नाही.

आयोगाने वेगळंच केलं. प्राथमिक शाळा नगरपालिका आणि लोकल बोर्डांच्या गळ्यात घातल्या आणि माध्यमिक शिक्षणासाठी खासगी संस्थांना अनुदान देऊन पुढे आणायचं ठरवलं. माझ्या मते पुण्याचा शैक्षणिक नकाशा इथेच फाटला. न्यू इंग्लिश स्कूल १८८०मध्ये निघालं होतंच. १८८४मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आली आणि मागोमाग इतर संस्था. ज्यांच्या जिवावर शहराने ‘विद्येचं माहेरघर’ हे नाव कमावलं, त्या या संस्था नामांकित झाल्या. नगरपालिकेच्या शाळांना मात्र क्रमांक मिळाले. आजही पुण्यात माणूस आपल्या शाळेचं नाव अभिमानाने सांगतो. ‘मी शाळा क्रमांक अमुकचा’ असं म्हणणारा भेटतो, पण क्वचित.

त्यानंतर वादाचा रोख सक्तीकडे वळला. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषवलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. ते किती सावध होतं, हे आज वाचून गंमत वाटते. ज्या भागात ठरावीक प्रमाणात मुलं आधीच शाळेत जातात तिथेच आणि तिथल्या स्थानिक संस्थेची इच्छा असेल तरच सक्ती, तीही आधी मुलग्यांना. एवढं मवाळ विधेयकही १९१२च्या मार्चमध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ साली संपूर्ण राज्यात सक्ती लागू केली होती आणि कोल्हापुरात शाहू महाराज त्याच दिशेने निघाले होते. संस्थानांना जे जमलं ते ब्रिटिश हद्दीतल्या पुण्याला जमत नव्हतं.

मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या १९१८च्या कायद्याने नगरपालिकांना सक्तीचा अधिकार दिला आणि १९२० साली पुण्यात खरी परीक्षा झाली. पैसा अपुरा आहे, तेव्हा सुरुवात फक्त मुलग्यांपासून करावी, असा एक पक्ष होता आणि लोकमान्य टिळक त्याच्या बाजूला होते. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं होतं, मुलींनाही आत्ताच, बरोबरीनं. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुण्याच्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. सभा उधळल्या गेल्या आणि वर्तमानपत्रं पेटली. टिळकांचा युक्तिवाद हिशेबाचा होता आणि तो पूर्ण पोकळ नव्हता. नगरपालिकेची तिजोरी लहान होती हे खरंच. पण तिजोरी लहान पडली की पहिली कात्री कोणाच्या वाट्याला लावायची, हे तिजोरी सांगत नाही. ते माणसं ठरवतात. पैसा नाही म्हणून मुली थांबल्या, मग वस्त्या थांबल्या, मग परप्रांतातून आलेल्या मजुरांची पोरं. क्रम बदलतो, कारण तेच राहतं.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाचं रूप पालटलं. १९६६ साल मला फार बोलकं वाटतं. त्या वर्षी अमेरिकेत जेम्स कोलमन यांचा अहवाल आला. मुलांच्या यशात जो फरक पडतो त्याचा मोठा भाग शाळेच्या साधनांपेक्षा घराच्या परिस्थितीशी जोडलेला आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या गुणांमधल्या दरीवर पुढचं अर्धं शतक तिकडे जो वाद पेटला, त्याचं मूळ इथे. त्याच वर्षी आपल्याकडे शिक्षणावरच्या कोठारी आयोगाचा अहवाल आला. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूरकडचे. पुढे त्यांची भारतीय शिक्षण संस्था पुण्यात आली आणि समता, गुणवत्ता आणि संख्या या तिघांना एकत्र बांधणं का अवघड आहे यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. त्यांच्या आयोगाने सांगितलं की आपल्या भागातल्या सगळ्या मुलांना एकाच परिसर शाळेत घाला, साहेबाचं पोर आणि शिपायाचं पोर एका बाकावर बसवा.

कोलमन म्हणत होते, घराचं वजन मोठं आहे. कोठारी म्हणत होते, मग घरं एका शाळेत मिसळा. हे दुसरं आपण कधी करून पाहिलं नाही. अमेरिकेनेही गोरी-काळी मुलं एका शाळेत आणण्यासाठी सोडलेल्या बसगाड्या आणि त्यावरून झालेल्या दंगलींनंतर ते अर्ध्यावर सोडलं. २००२च्या कायद्याने तिकडे पुन्हा लो साहेबांचीच वाट धरली. दरवर्षी चाचण्या, नापास शाळांवर कारवाई आणि २०१४पर्यंत शंभर टक्के मुलं पात्र करण्याचं लक्ष्य. लक्ष्य गाठलं गेलं नाही आणि २०१५मध्ये कायदाच बदलावा लागला.

आपल्याकडे नव्वदीनंतर ‘मूल शाळेत आहे का’ हा प्रश्न मागे पडून ‘शाळेत असून त्याला वाचता येतं का’ हा प्रश्न पुढे आला. ‘असर’च्या २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या ४८.८ टक्के मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला. हे मोजमाप हवंच होतं. वर्ग पुढे गेला आणि मूल मागे राहिलं, हे लपवून ठेवण्यात कोणाचंच भलं नव्हतं. ‘ढकलपास’च्या तक्रारीत तथ्य होतं आणि राज्याने २०२३च्या डिसेंबरमध्ये पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली, त्यामागेही हीच अस्वस्थता आहे.

पण मोजमापाच्या आधारे दोष लावण्याची जी घाई असते, ती पुण्यात उघडी पडते. बांधकामाच्या ठिकाणी राहणारं मूल घ्या. इमारत पूर्ण झाली की वस्ती हलते आणि जूनमध्ये ज्याचं नाव पटावर होतं ते मार्चमध्ये दुसऱ्याच टोकाला असतं. डोअर स्टेप स्कूलसारख्या संस्थांनी शाळाच बांधकामावर नेली, ती यासाठीच. अशा मुलाचा निकाल कोणत्या मास्तरच्या खात्यात घालायचा? मास्तरने काही केलं नाही म्हणून तो वाईट लागला, की त्याच्या हातात मूल होतंच चार महिने? फुल्यांच्या वाक्यातला ‘उदासीन’ शब्द इथे वेगळा वाचावा लागतो. बहुतेक आईबाप उदासीन नाहीत, त्यांना एका जागी राहण्याची सोय नाही.

२००९ साली टीच फॉर इंडिया पुणे-मुंबईत सुरू झाली. त्याआधीच आकांक्षा फाउंडेशनने पुणे महापालिकेबरोबर शाळा चालवायला घेतल्या होत्या. तरुण, इंग्रजी बोलणारे, मनापासून काम करणारे शिक्षक वस्तीतल्या मुलांना मिळाले आणि त्या मुलांपैकी काहींची वाट बदलली. कौतुक करावंच. तरी फुल्यांचा तो शिक्षक वस्तीतून घडणार होता, बाहेरून दोन वर्षांसाठी येणार नव्हता. सदिच्छा धोरणाच्या जागी बसली की धोरणावरचा दबाव कमी होतो, असं मला वाटतं.

२००९च्याच शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी २५ टक्के जागा ठेवल्या. पुणे जिल्ह्यात दरवर्षी या जागांच्या सोडतीसाठी राज्यात सर्वाधिक अर्ज पडतात. २०२४च्या फेब्रुवारीत सरकारने नियम बदलले: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला आणि पालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्या आनंदाला मी नावं ठेवणार नाही. सोडतीत नंबर लागलेल्या धुणीभांडी करणाऱ्या आईला परिसर शाळेचं तत्त्वज्ञान ऐकवण्याचा अधिकार निदान माझ्यासारख्या, मुलांना खासगी शाळेत घातलेल्या माणसाला नाही. पण त्या सोडतीतून महापालिकेच्या शाळेतून बाहेर पडतात ते सगळ्यात चिवट पालक. फॉर्म भरणारे, चार हेलपाटे मारणारे, मास्तरला जाब विचारणारे. मागे उरतात ती शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला यायला रोजंदारी बुडवावी लागेल म्हणून न येणारी घरं.

अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५ साली उत्तर प्रदेशातल्या सरकारी नोकरांना आपली मुलं सरकारी प्राथमिक शाळेत घालण्याचा आदेश दिला होता. तो अमलात आला नाही, येणारही नव्हता, आणि अशी सक्ती मला पटतही नाही. पण न्यायाधीशांनी ओळखलेलं दुखणं खरं आहे. पुणे महापालिकेच्या सभागृहात शिक्षणाच्या खर्चावर मत देणाऱ्यांपैकी किती जणांची मुलं क्रमांकाच्या शाळेत आहेत, हा प्रश्न अंदाजपत्रकाच्या दिवशी सहसा कोणी विचारत नाही. उत्तर सगळ्यांना माहीत असतं.