एकच गीत

स्कॉट मॅकेन्झी हा अमेरिकन गायक २०१२ सालीं वारला. त्याचें नांव निघतें तें बहुधा १९६७ च्या ‘सॅन फ्रान्सिस्को’ या एकाच गीतामुळें; आणि तेंही रचलें होतें त्याचा मित्र जॉन फिलिप्स यानें. ‘एकच’ हा शब्द उच्चारतांना आमच्या स्वरांत नकळत कींव उतरते. पण ती न्याय्य आहे काय? व्हिएतनाम युद्धाच्या त्या काळांत या स्वरानें असंख्य तरुणांच्या शांततेच्या आशेला वाचा दिली. त्या दानाचे ऋणको आपण श्रोते. आणखी गीतें कां दिलीं नाहींत, असा जाब ऋणकोनेंच धनकोस विचारावा, हें विपरीत नव्हे काय? आमच्यापैकीं बहुतेकांच्या मागें तर तेवढें एकही उरत नाहीं.