रिकाम्या जागेची लांबी

घरगुती व्हिडिओ संकलनाच्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये फितीची लांबी वेगळी ठरवावी लागत नाही. टाइमलाइनवरची सर्वांत उजवीकडची वस्तू जिथे संपते, तिथे फीत संपते; सुरुवातीपासून त्या टोकापर्यंतचे अंतर म्हणजे लांबी. गणित इतके सरळ आहे, आणि बहुतेक घोटाळे त्यातूनच होतात. कूर्गच्या सहलीचे सहा मिनिटांचे चित्रण जुळवावे आणि तयार फाइल एक्केचाळीस मिनिटांची निघावी, हा त्यातला नेहमीचा प्रकार. सहा मिनिटे धबधबा, हत्ती आणि सोनेरी मूर्ती. पुढची पस्तीस मिनिटे निव्वळ काळा पडदा.

त्या पस्तीस मिनिटांत काहीही नाही. तरी फाइल तयार होताना त्यांचाही वेळ लागतो, आणि प्लेअर ती इमानेइतबारे शेवटपर्यंत वाजवतो. जिथे घडायला काही नव्हते तिथे मोजला गेला तो काळ कशाचा? काळ ही वस्तूंखेरीज असणारी वेगळी चीज आहे, की वस्तूंच्या क्रमालाच दिलेले नाव? संगणकाच्या पडद्यावर हा प्रश्न किरकोळ तक्रारीच्या रूपात येतो. भारतीय दर्शनांत तो दोन हजार वर्षे जुना आहे.

तो प्रश्न आजही जिथे अभ्यासला जातो ते बैलकुप्पे कूर्गच्या सहलीत हमखास येते. म्हैसूर जिल्ह्याच्या पिरियापट्टण तालुक्यातली, कुशालनगरपासून काही किलोमीटरवरची ही तिबेटी वसाहत १९६०-६१ च्या सुमारास, तेव्हाच्या म्हैसूर राज्य सरकारने दिलेल्या जमिनीवर उभी राहू लागली. पेनोर रिंपोछे यांनी १९६३ साली येथे नामद्रोलिंग मठ स्थापला. १९९९ मध्ये खुले झालेले तिथले सुवर्णमंदिर पाहुण्यांच्या फोनमध्ये सर्वाधिक जाते: मधोमध साठ फुटी बुद्ध, दोन्ही बाजूंना पद्मसंभव आणि अमितायुस. अमितायुस या नावाचा अर्थ ‘अमित आयुष्य असलेला’. पस्तीस मिनिटांच्या काळ्या पडद्याशी त्याचा संबंध जोडण्याचे कारण नाही, पण मोह होतो.

वसाहतीतले सेरा विद्यापीठ पर्यटक क्वचितच पाहतात. १४१९ साली ल्हासाजवळ स्थापन झालेली ही संस्था १९७० मध्ये येथे पुन्हा उभी राहिली. सेराच्या अंगणात भिक्षू रोज वाद घालतात: उत्तर देणारा खाली बसतो, प्रश्न करणारा उभा राहून पाय आपटत टाळी वाजवतो आणि प्रश्न फेकतो. सुरुवातीच्या वर्गांत शिकवले जाणारे एक लक्षण असे की जे क्षणिक ते अनित्य. पुढे धर्मकीर्तीचे प्रमाणवार्तिक, मग माध्यमक, आणि बऱ्याच वर्षांनी वसुबंधूचा अभिधर्मकोश. लांबीचा प्रश्न सोडवायला लागणारी जवळजवळ सगळी हत्यारे या अभ्यासक्रमात आहेत.

काळाविषयीच्या मतांपैकी सर्वांत ठाम मत वैशेषिकांचे. काळ हे द्रव्य आहे. ते एक, नित्य आणि सर्वव्यापी आहे. आधी, नंतर, एकाच वेळी, लवकर, उशिरा अशी जी जाणीव होते तिच्यावरून त्याचे अनुमान करायचे. घटना त्या काळात घडतात, घट कोठीत ठेवावेत तशा. ब्लेंडर हा प्रोग्रॅम या मताचा आहे. तिथे नव्या प्रकल्पाला आपोआप २५० फ्रेमची चौकट मिळते. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर ती साडेदहा सेकंदांच्याही आत संपते. चौकटीत कितीही मोठे चित्रण ओतले तरी बाहेर तेवढेच येते, आणि थोडे ओतले तर उरलेले काळे येते. लग्नाचा अख्खा विधी बसवून मंगलाष्टकांची पहिली ओळसुद्धा पुरी न झालेली फाइल हाती पडते, तेव्हा दोष चित्रणात शोधून उपयोग नाही. शेवटच्या फ्रेमचा आकडा बदलावा लागतो.

याच्या उलट टोकाला माध्यमक बौद्ध आचार्य नागार्जुन. मूलमध्यमककारिकेचे एकोणिसावे प्रकरण काळाच्या परीक्षेचे आहे आणि ते अवघ्या सहा कारिकांत आटोपते. त्याचा शेवटचा युक्तिवाद असा: काळ वस्तूंच्या आधाराने असतो असे म्हटले, तर वस्तू काढून घेतल्यावर काळ कुठला? आणि वस्तूंनाही स्वतःचा स्वभाव नसेल, तर काळाला तो कुठून मिळणार? घरगुती प्रोग्रॅमांपैकी बहुतेक या युक्तिवादाच्या पहिल्या पायरीवर उभे आहेत. टाइमलाइनवरचे सगळे पुसले की प्रकल्पाची लांबी शून्य होते. मोजपट्टीवर मिनिटांचे आकडे मात्र दिसत राहतात. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात मधले मत सापडते: क्षण खरा, क्षणांचा क्रमही मानता येतो, पण मुहूर्त किंवा दिवस अशी जी बेरीज आपण करतो ती बुद्धीने रचलेली असते. मोजपट्टीवरच्या आकड्यांना हे वर्णन चांगले लागू पडते.

आता पस्तीस मिनिटांच्या पोकळीकडे. वैभाषिक बौद्ध आकाशाला, म्हणजे अडथळा न करणाऱ्या अवकाशाला, खरोखरीची ‘असंस्कृत’, म्हणजे कारणांतून न उपजलेली, वस्तू मानत. सौत्रांतिकांनी ते नाकारले. त्यांच्या मते आकाश म्हणजे अडवणाऱ्या स्पर्शाचा केवळ अभाव. सेरात हा फरक विद्यार्थ्यांकडून घोटून घेतला जातो. २०११ नंतरचा फायनल कट प्रो या बाबतीत उघड वैभाषिक आहे: त्यात क्लिपा चुंबकासारख्या एकमेकींना चिकटतात, आणि मुद्दाम पोकळी ठेवलीच तर ती स्वतंत्र क्लिप म्हणून दिसते. तिला निवडता येते, ताणता येते, पुसता येते. इतर बहुतेक प्रोग्रॅममध्ये पोकळी म्हणजे नुसता अभाव, आणि म्हणूनच ती जास्त फसवते. कारण अभावाला स्वतःची लांबी नाही, तरी त्याच्या पलीकडे काही असले की मधले अंतर मोजले जाते. पस्तीस मिनिटांची लांबी पोकळीने उसनी घेतलेली आहे, आणि ती देणारी वस्तू पोकळीच्या पलीकडच्या काठावर बसलेली असते. काळा पडदा पुसायला निघालेल्या माणसाच्या हाती म्हणूनच काही लागत नाही. त्याने शोधायला हवी ती काठावरची वस्तू.

शोधताना अडचण अशी की पलीकडे काहीच दिसत नाही. इथे धर्मकीर्ती उपयोगी पडतो. त्याने मान्य केलेल्या अनुमानाच्या तीन हेतूंपैकी एक अनुपलब्धी, म्हणजे ‘दिसत नाही, म्हणून नाही’. पण त्याने तिला कडक अट घातली. जमिनीवर घट नाही असे म्हणता येते, कारण तो असता तर दिसला असता. पिशाच नाही असे त्याच रीतीने म्हणता येत नाही, कारण पिशाच मुळात दिसणाऱ्यांतले नाही. म्हणजे अनुपलब्धी ‘दृश्य’ वस्तूची हवी. सेराच्या अंगणात कोणी म्हणाला की फीत एक्केचाळीस मिनिटांची असणे शक्य नाही, कारण सहाव्या मिनिटानंतर काही दिसत नाही, तर खाली बसलेला भिक्षू एवढेच म्हणेल: ख्याब-पा मा-जुंग, म्हणजे या हेतूवरून हा निष्कर्ष निघत नाही; व्याप्ती लागू होत नाही.

आणि खरोखरच होत नाही. अख्खी टाइमलाइन पडद्यावर मावेल इतके झूम कमी केले की एका फ्रेमची क्लिप केसाएवढीही उरत नाही. ती तिथे असूनही अदृश्य, म्हणजे पिशाचांच्या वर्गात गेलेली असते. उपाय तिला दृश्य करण्याचा. प्लेहेड टाइमलाइनच्या अखेरीस न्यावा, तिथे झूम पुरेसे वाढवावे आणि एकेक ट्रॅक पाहावा. नाहीतर सहाव्या मिनिटाच्या पुढचा सारा भाग चौकट ओढून निवडावा आणि डिलीट दाबावे. दिसले नाही तरी निवडले जाते. असा तुकडा बहुधा कापाकापीत उरलेला असतो, नाहीतर ‘नंतर लागेल’ म्हणून दूर उजवीकडे सरकवून ठेवलेला. दुधाच्या पिशव्या धुऊन जपणाऱ्या घरांत ही सवय नवी नाही.

तुकडा सापडला नाही, तर ट्रॅकचे डोळे, म्हणजे ट्रॅक दाखवण्या-लपवण्याची चिन्हे, तपासावीत. डोळा मिटलेला ट्रॅक दिसत नाही आणि बंद केलेला आवाज ऐकू येत नाही, तरी अनेक प्रोग्रॅम दोन्ही लांबीत धरतात. पार्श्वसंगीताची बारा मिनिटांची फाइल सहा मिनिटांच्या चित्राखाली घातली आणि तिचे शेपूट कापायचे राहिले, हा दोष सर्वांत जास्त वेळा आढळतो आणि सर्वांत उशिरा लक्षात येतो. कुलूप लावलेल्या ट्रॅकवर तर ‘सर्व निवडा’ ही आज्ञाही पोचत नाही.

आवाजाचे आणखी एक सूक्ष्म प्रकरण आहे आणि ते क्षणाच्या मापापर्यंत जाते. अभिधर्मकोशात १२० क्षणांचा एक तत्क्षण, ६० तत्क्षणांचा एक लव, ३० लवांचा एक मुहूर्त आणि ३० मुहूर्तांचे एक अहोरात्र असे कोष्टक आहे. भागाकार केला की क्षण सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागाएवढा येतो. पंचांगातले विपळ ०.४ सेकंदाचे, म्हणजे बरोबर तीस क्षणांचे. भारतातल्या जुन्या दूरचित्रवाणीच्या पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असत. त्या हिशेबाने एक फ्रेम तीन क्षणांची होते आणि एका विपळात दहा फ्रेम बसतात. गाण्यांच्या सीडीवरही सेकंदाचे नेमके ७५ भाग पाडलेले असतात. हा निव्वळ योगायोग आहे, पण सुरेख. ज्या कारिकांच्या आधाराने हे गणित मांडता येते त्यांचा संस्कृत पाठ बराच काळ हरवलेला होता. राहुल सांकृत्यायनांनी तिबेटात शोधलेल्या हस्तलिखितावरून तो पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातल्या वासुदेव गोखल्यांनी संपादित केला आणि १९४६ साली मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला.

चित्रासाठी फ्रेम अविभाज्य; अर्धी फ्रेम कापता येत नाही. आवाजाला ते बंधन नाही: सेकंदाला ४८,००० नमुने धरले तर सेकंदाला २५ च्या हिशेबातल्या एका फ्रेममध्ये आवाजाचे १,९२० तुकडे असतात. गाणे फ्रेमच्या मध्यावर संपले की उरलेला अर्धा भाग भरून काढण्यासाठी प्रोग्रॅम एक पूर्ण फ्रेम वाढवतो, आणि चित्र आधीच संपलेले असल्याने ती काळी निघते. फितीच्या अखेरीस क्षणभर काळे लुकलुकते ते यामुळे. परमाणूला भाग असतात का, असे वसुबंधूने विंशतिकेत विचारले होते; असतील तर तो परमाणू कसला, हा त्याचा पेच. संकलनात चित्रापुरते ‘नाही’ आणि आवाजापुरते ‘आहे’ असे उत्तर देऊन काम भागवले जाते. आवाजाचे टोक फ्रेमच्या कडेपर्यंत मागे ओढले की लुकलुक थांबते.

लांबी अनपेक्षितपणे कमी होण्याचे मुख्य कारण दोन दृश्यांमधले संक्रमण. बौद्धांच्या क्षणवादात आधीचा क्षण मावळणे आणि पुढचा उगवणे यांत फट नसते. शालिस्तंबसूत्रात त्यासाठी तराजूच्या दांडीचा दाखला आहे, एक टोक खाली जाते तेव्हाच दुसरे वर येते. साधा कट असाच असतो. विरघळणारे संक्रमण मात्र दोन दृश्ये एकमेकांवर चढवते, आणि चढलेला भाग एकदाच मोजला जातो. विंडोज लाइव्ह मूव्ही मेकरमध्ये प्रत्येक छायाचित्र आपोआप सात सेकंद राहत असे. शंभर छायाचित्रांचे सातशे सेकंद. मधली नव्व्याण्णव संक्रमणे एकेका सेकंदाची घातली की उरतात ६०१. आधीच्या लांबीवर बेतलेले गाणे मग दीड मिनिटापेक्षा जास्त पुढे धावते, आणि जादा काळा पडदा पुन्हा येतो. संक्रमणे आधी घालावीत आणि गाणे सर्वांत शेवटी कापावे, एवढा क्रम पाळला की हे टळते.

आकडा आणि वस्तू यांची गल्लत हा वेगळाच रोग. अमेरिकी पद्धतीत सेकंदाला ३० नव्हे, २९.९७ फ्रेम असतात. सरळ ३० च्या हिशेबाने क्रमांक दिले तर तासाभरात १०८ फ्रेमांची, म्हणजे ३.६ सेकंदांची तफावत पडते. म्हणून दहाव्या, विसाव्या अशा मिनिटांखेरीज प्रत्येक मिनिटाच्या सुरुवातीला दोन क्रमांक गाळतात. क्रमांकच गाळतात, फ्रेम एकही गळत नाही. मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. क्षयतिथीच्या पंधरवड्यात षष्ठीनंतर अष्टमी आली म्हणून कोणाच्या आयुष्यातला दिवस कमी होत नाही. तिबेटी पंचांगातही तिथी अशाच गळतात आणि दुणावतात. फोनवरचे चित्रण मात्र खरोखरच अनियमित असते: उजेड कमी झाला की अनेक फोन सेकंदामागे फ्रेम कमी घेतात, आणि मंदिराच्या अंधाऱ्या गाभाऱ्यातला मंत्रघोष ओठांच्या पुढेमागे जाऊ लागतो. असे चित्रण आधी स्थिर गतीच्या फाइलमध्ये रूपांतरित करून मगच टाइमलाइनवर घ्यावे लागते.

राहता राहिल्या मागे कधीतरी लावलेल्या आरंभ-अंताच्या खुणा. त्या असल्या की लांबी वस्तूंवरही ठरत नाही आणि चौकटीवरही नाही. कोणीतरी कुठून कुठपर्यंत पाहायचे ठरवले होते, त्यावर ठरते. सहा मिनिटांच्या प्रकल्पातून चाळीस सेकंदांची फाइल निघाली, तर एक्सपोर्टच्या चौकटीत ‘संपूर्ण टाइमलाइन’ हा पर्याय निवडून या खुणा पुसाव्यात. मग एंड ही कळ दाबावी. प्लेहेड सहाव्या मिनिटापाशी, शेवटच्या मूर्तीवर थांबला तर फाइलही तिथेच थांबेल. तो अजूनही दूर उजवीकडे काळ्यात गेला, तर तिथे झूम वाढवून पुन्हा पाहावे.