कुंपण, शेजारी आणि अण्वस्त्रे

दरवर्षी १ जानेवारीला ख्रिस्तसभा देवमाता मरियेचा सण साजरा करते आणि त्याच दिवशी जागतिक शांतता दिन पाळते. ही प्रथा पोप पॉल सहावे यांनी १९६८ पासून सुरू केली. अर्जुनी मोरगावसारख्या, धानाच्या बांध्यांनी वेढलेल्या गावी आपल्या भाविकांची संख्या ती किती! तरीही त्या थंडीच्या सकाळी मंडळी मिस्साला आवर्जून येतात. या वर्षी मी प्रवचनासाठी अण्वस्त्रांचा विषय घेतला. अण्वस्त्र वापरणे हे पाप आहेच, पण ते बाळगणेही नीतीला धरून नाही, ही ख्रिस्तसभेची आजची शिकवण मी सांगितली. मिस्सानंतर एक शेतकरी गृहस्थ मागे थांबले. गोठणगावजवळच्या तिबेटी वसाहतीकडे हात करून म्हणाले, "फादर, त्या लोकांजवळ बॉम्ब असता, तर ते आपला देश सोडून आपल्या तालुक्यात राहायला आले असते का?"

मला तेव्हा उत्तर सुचले नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रश्न प्रामाणिक होता, हे आधी मान्य केले पाहिजे. नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७० च्या दशकात आपल्या तालुक्यात उभी राहिली. बलाढ्य शेजाऱ्याने दुर्बळ शेजाऱ्याचे घर कसे गिळले, हे आपल्याला पुस्तकातून वाचावे लागत नाही. युक्रेनचे उदाहरणही ताजे आहे. सोव्हिएत संघ मोडल्यावर त्या देशात राहिलेली अण्वस्त्रे त्याने १९९४ च्या बुडापेस्ट करारानुसार रशियाच्या हवाली केली. मोबदल्यात सीमांच्या सुरक्षिततेची हमी मिळाली आणि ती हमी देणाऱ्या रशियानेच पुढे त्याच्यावर आक्रमण केले. निःशस्त्रीकरणाविषयी बोलणाऱ्या धर्मगुरूने या गोष्टी टाळून पुढे जाणे बरे नव्हे.

मी स्वतःही या मोहातून मुक्त नव्हतो. मे १९९८ मध्ये पोखरणच्या स्फोटांची बातमी आली, तेव्हा मी सेमिनरीच्या शेवटच्या वर्षांत होतो. कोणीतरी पेढे आणले. मी पेढा खाल्ला आणि तो गोड लागला. रात्री प्रार्थनेला बसलो तेव्हा मन अस्वस्थ झाले. पण पेढा घेताना हात मागे गेला नव्हता, हे खरे आहे.

या प्रश्नाचे मूळ आपल्याच राज्यात, मुंबईत शोधता येते. १६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने पहिला अणुस्फोट केला. आठच दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, डॉ. होमी भाभा आकाशवाणीवरून बोलले. पन्नास अणुबॉम्बचा साठा दहा कोटी रुपयांच्या आत होऊ शकेल, असा हिशोब त्यांनी देशापुढे मांडला. त्याच भाषणात त्यांनी जागतिक निःशस्त्रीकरणाचीही बाजू घेतली होती, पण लोकांच्या लक्षात राहिला तो आकडा. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आतच पोप पॉल सहावे युकॅरिस्टिक काँग्रेससाठी मुंबईत आले. शस्त्रास्त्रांवरच्या खर्चाचा काही भाग वाचवून गरीब राष्ट्रांसाठी जागतिक निधी उभारा, असे आवाहन त्यांनी ४ डिसेंबर रोजी याच शहरातून केले. एकाच शहरातून, एकाच हिवाळ्यात उठलेले हे दोन आवाज. भयाचे उत्तर किती स्वस्तात मिळेल हे पहिला आवाज सांगत होता. ते उत्तर गरिबाला किती महाग पडेल हे दुसरा सांगत होता. दोघांनाही देशाचे भलेच हवे होते.

पुढे काय झाले ते आपण जाणतो. तुर्भ्याची 'सायरस' अणुभट्टी कॅनडाने शांततेच्या कामासाठी दिली होती. तिच्यातले प्लुटोनियम १९७४ च्या पोखरण स्फोटात वापरले गेले. आपण त्या स्फोटाला शांततामय म्हटले. जगाने तसे मानले नाही. अणुसाहित्य पुरवणाऱ्या देशांनी आपला गट स्थापून नियम कडक केले, त्याचे तात्कालिक कारण हा स्फोटच होता. अण्वस्त्रप्रसारबंदीच्या कहाणीत महाराष्ट्राचे नाव असे कोरले गेले आहे.

आता नीतीचा प्रश्न. स्वतःच्या घराचे रक्षण करणे पाप आहे काय? ख्रिस्तसभेने तसे कधीच म्हटले नाही. मग बॉम्बनेच काय बिघडले? आपल्या शेतीतले उदाहरण घेऊ. नवेगावच्या जंगलातून रानडुकरे उतरतात आणि एका रात्रीत धानाची नासाडी करतात. शेतकरी राखण करतो, काटेरी कुंपण घालतो, झटका मशीन लावतो. हे रक्षण आहे. पण कोणी खांबावरून थेट वीज घेऊन कुंपणाच्या तारेत सोडली, तर? ती तार डुक्कर ओळखत नाही. गाय, वासरू, रात्री पाणी पाहायला निघालेला शेजारी, धुऱ्यावर खेळणारे मूल, सारे तिला सारखेच. अशा तारेने माणसे गेल्याच्या बातम्या आपण विदर्भात वाचत असतो. तार लावणाऱ्याचा हेतू पीक वाचवण्याचाच असतो. तरीही आपण त्याला निर्दोष म्हणत नाही, कारण त्याने निवडलेले साधनच माणूस आणि जनावर यांत भेद करू शकत नाही.

अण्वस्त्र ही अशी तार आहे. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीच्या उराकामी महामंदिरात भाविक पापनिवेदनासाठी आले होते. मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण जवळ आला होता. अडीचशे वर्षांच्या छळातून श्रद्धा जपलेला तो समाज. बॉम्ब त्यांच्या डोक्यावर फुटला आणि उराकामीच्या सुमारे बारा हजार कॅथलिकांपैकी साडेआठ हजारांच्या आसपास माणसे मरण पावली. विमानाचे मूळ लक्ष्य नागासाकी नव्हतेच. कोकुरा हे शहर स्पष्ट दिसले नाही म्हणून ते इकडे वळले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये संपूर्ण शहरांच्या सरसकट संहाराला देव आणि मानव यांच्याविरुद्धचा गुन्हा ठरवले, ते याच अनुभवातून.

मग ख्रिस्तसभेने इतकी वर्षे अण्वस्त्रे बाळगणे सहन का केले? १९८२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी संयुक्त राष्ट्रसंघाला पाठवलेल्या संदेशात म्हटले की, परस्परांच्या धाकावर टिकलेला समतोल नैतिकदृष्ट्या स्वीकारता येईल, मात्र निःशस्त्रीकरणाच्या वाटेवरचा टप्पा म्हणूनच. ही सवलत सशर्त होती. नदी ओलांडण्यापुरता पूल मिळाला होता. राष्ट्रांनी पुलावरच घरे बांधली. काही पावले पुढे पडली, हे नाकारता येत नाही. १९८६ च्या सुमारास जगात सत्तर हजारांच्या आसपास अण्वस्त्रे होती, आज ती बारा हजारांच्या आसपास आहेत. पण मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवरचा १९८७ चा करार २०१९ मध्ये संपुष्टात आला. अमेरिका आणि रशिया यांच्यातील 'न्यू स्टार्ट' कराराला एकदाच मिळू शकणारी मुदतवाढही ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ मध्ये अण्वस्त्रे बाळगण्याचाही निषेध केला, त्याचा अर्थ मी असा घेतो की, दिलेली सवलत परत घेतली गेली, कारण तिची अट पाळली गेली नाही. त्याच वर्षी अण्वस्त्रबंदीच्या नव्या करारावर व्हॅटिकनने सर्वांत आधी सही करणाऱ्यांत स्थान घेतले.

कोणी म्हणेल, तलवार नको तर ढाल तरी चालेल ना? येणारे क्षेपणास्त्र आकाशातच पाडणारी यंत्रणा कोणालाच मारत नाही. भारताने अशी पहिली चाचणी २००६ मध्ये घेतली आणि १५ ऑगस्ट २०२५ रोजी 'सुदर्शन चक्र' या २०३५ पर्यंतच्या मोहिमेची घोषणा झाली. आपल्या घरावर छत्र असावे, ही इच्छा निर्मळ आहे. पण धुऱ्यावरच्या भांडणात हातात कुऱ्हाड घेतलेल्या शेजाऱ्याने छातीवर चिलखतही चढवले, तर समोरचा निश्चिंत होईल की आणखी घाबरेल? याच विचाराने अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी १९७२ मध्ये अशा ढालींवर कडक मर्यादा घातली होती. २००२ मध्ये अमेरिकेने तो करार सोडला. रशियाने पुढे ढाल चुकवणारी नवी अस्त्रे बनवली आणि त्यासाठी याच घटनेकडे बोट दाखवले. ढाल वाईट नाही. पण कुऱ्हाड खाली ठेवण्याची बोलणी थांबवून उचललेली ढाल शेजाऱ्याला दुसरी कुऱ्हाड घडवायला लावते.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे येतो. १९५० मध्ये चीनने तिबेटमध्ये सैन्य घुसवले, तेव्हा चीनकडेही बॉम्ब नव्हता. आणि बॉम्ब असल्याने युद्ध टळते म्हणावे, तर कारगिल १९९९ मध्ये झाले, मे २०२५ मध्ये पुन्हा चार दिवस आकाश पेटले. दोन्ही वेळी दोन्ही देशांकडे अण्वस्त्रे होती. ती युद्धे पसरली नाहीत, यात भीतीचाही वाटा असेल, हे मी मान्य करतो. पण भीती कधी तरी हिशोब चुकवते, आणि या तारेला दुसरी संधी माहीत नाही.

भारताने उद्याच एकट्याने सारे टाकून द्यावे, असे ख्रिस्तसभा सांगत नाही. ती परस्पर आणि पडताळून पाहता येईल असे निःशस्त्रीकरण मागते. पाच राष्ट्रांना अण्वस्त्रे ठेवू देणारा आणि इतरांना नाकारणारा प्रसारबंदी करार पक्षपाती आहे, ही आपल्या देशाची तक्रार न्याय्य आहे. पण त्याच देशाने १९८८ मध्ये राजीव गांधींच्या तोंडून २०१० पर्यंत अण्वस्त्रमुक्त जगाची योजना मांडली होती, आणि प्रथम वापर न करण्याचे धोरण जाहीर केले आहे. ही आपलीच वचने आहेत. त्यांची आठवण सरकारला, खासदाराला, एकमेकांना देणे हे नागरिकाचे काम आहे.

आणि शेवटी एक गोष्ट, जी मला प्रवचनात सांगता आली असती, पण आठवली नाही. १९८८ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान १९९२ पासून दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात, एकमेकांच्या केंद्रांवर हल्ला न करण्याच्या वचनासह. युद्धे झाली, राजदूत परत बोलावले गेले, तरी ही प्रथा चालत आली आहे. भांडणारे दोन शेजारी वर्षातून एकदा धुऱ्यावर येतात आणि आपला नाजूक भाग कुठे आहे ते एकमेकांना दाखवून जातात. हा विश्वास नव्हे. पण विश्वास जिथून सुरू होतो, ती जागा ही आहे.

आपण मिस्सात शांतीसाठी शेजाऱ्याचा हात हातात घेतो, त्याच दिवशी हे घडत असते. पुढच्या १ जानेवारीला त्या गृहस्थांना मी हे सांगेन. आणि चहाच्या टपरीवर कोणी "एकदाचा टाकून द्या बॉम्ब" म्हणाला, तर आपण गप्प राहू नये, अशी विनंती त्यांना आणि वाचकहो, आपणांसही करीन. त्या पेढ्याचे देणे मला अजून फेडायचे आहे.