किनारा दिसेपर्यंत

माझी पुतणी, तिचा नवरा आणि दोन मुलं डिसेंबरात जैसलमेरला निघाली आहेत. तिथून पुढे मरू राष्ट्रीय उद्यान, म्हणजे सगळे ज्याला डेझर्ट नॅशनल पार्क म्हणतात ते. रेवदंड्याला आमच्या ओटीवर बसून ती यादी करत होती : गॉगल, टोपी, कॅमेरा, पॉवरबँक, सनस्क्रीन. शेजारचे तांडेल मामा जाळं दुरुस्त करता करता ऐकत होते. चाळीस वर्षं त्यांनी समुद्रावर काढली आहेत. त्यांनी एवढंच विचारलं, "पाणी किती घेतलंस, बाय?"

"पाणी काय, तिथे मिळेलच की!" ती म्हणाली.

मामा पुढे काही बोलले नाहीत. पण ते "मिळेलच की" माझ्या मनातून आठवडाभर हललं नाही.

खरं तर वाळवंटाची तयारी कशी करावी, हे आपल्या कोळीवाड्यांना वेगळं शिकवावं लागत नाही. चार-आठ दिवसांच्या फेरीला होडी निघते तेव्हा बर्फ आणि डिझेलइतकीच गोड्या पाण्याच्या पिंपांची मोजदाद होते. ते पाणी पिण्यासाठी आणि रांधण्यासाठी. भांडी, अंग, कपडे सगळं खाऱ्या पाण्यात. चहूकडे पाणीच पाणी, आणि प्यायला मात्र आपण नेलं तेवढंच. आमचे जलदुर्ग याच हिशेबावर उभे राहिले. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात आणि मुरूडच्या जंजिऱ्यात, भर समुद्रात, गोड्या पाण्याचे साठे आहेत. ते नसते तर त्या तटबंद्यांना वेढा सोसता आला नसता.

म्हणून पुतणीची यादी मी पुन्हा लिहायला घेतली. अमेरिकेतल्या डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानात पर्यटकांना माणशी रोज किमान 4 लिटर पाणी जवळ ठेवायला सांगतात. थरमध्ये डिसेंबरात उन्हाळ्याचा कहर नसतो, तरी हवा कोरडी असते. घाम अंगावर न दिसताच उडून जातो आणि तहान उशिरा कळते. तेव्हा पाण्याचे कॅन, मीठ-साखरेची पाकिटं, अंगभर सैल सुती कपडे, डोक्याला गुंडाळायला उपरणं. काटेरी भुरट गवतासाठी बंद बूट. आणि स्वेटर. आपल्याकडे समुद्र दिवसाची ऊब रात्रीपर्यंत धरून ठेवतो; वाळू ती धरत नाही. दुपारी अंग भाजणाऱ्या त्या मुलखात थंडीच्या रात्री पारा पाच-सात अंशांवर येतो. छापील नकाशा, टॉर्च, प्रथमोपचाराची पिशवी. इथपर्यंत कुणीही सांगेल.

मला बोलायचं आहे ते यातली एखादी वस्तू राहिली तर काय होतं याबद्दल. आपण समजतो, राहिली तर आपली गैरसोय होईल. वाळवंटात तसं होत नाही. ती गैरसोय दुसऱ्याच्या दारात जाऊन उभी राहते.

मरू उद्यान म्हणजे निर्जन वाळू नव्हे. जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत मिळून 3162 चौरस किलोमीटर पसरलेल्या या प्रदेशात गावं आहेत, ढाण्या म्हणजे वाड्या आहेत. आपल्या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जैसलमेरला दोनशेच्या आतबाहेर. तो तेवढा पाऊस तिथली माणसं अंगणातल्या उताराने जमिनीखालच्या टाक्यात, म्हणजे 'टांक्या'त, जपून उतरवतात. अनुपम मिश्र यांनी 1995 साली 'राजस्थान की रजत बूंदें' या पुस्तकात ही विद्या आदराने नोंदवून ठेवली. आता कॅन रिकामा झालेला पाहुणा अशा ढाणीच्या दारात उभा राहिला, तर काय होईल? त्याला पाणी मिळेल. नक्की मिळेल. कारण दारी आलेल्या तहानलेल्याला परत पाठवणं त्या घराच्या रीतीत बसत नाही. "मिळेलच की" हे खरंच आहे, आणि म्हणूनच ते मला बोचतं. आपला निष्काळजीपणा आपण दुसऱ्याच्या चांगुलपणावर खर्ची घालतो. जो नाही म्हणू शकत नाही, त्याच्याकडे मागण्याआधी आपण शंभरदा विचार करायला हवा.

माणसाला निदान रीत आडवी येते; पशुपक्ष्यांना तोंडच नाही. मरू उद्यानात माळढोक पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो. आपल्याकडे त्याच्यासाठी 1979 मध्ये सोलापूरजवळ नान्नजचं अभयारण्य झालं; तिथे तो आता क्वचितच दिसतो. देशभरात मिळून सुमारे दीडशेच उरले आहेत, त्यातले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात. विजेच्या तारा हे त्याच्या मृत्यूचं मोठं कारण. दुसरं, मोकाट कुत्री. सहलीचं उष्टं टाकलं की कुत्री पोसतात, आणि ती कुत्री जमिनीवरची अंडी-पिल्लं खातात. म्हणून यादीत कचऱ्याची पिशवीही हवी. आणि दुर्बीणही, ती असली की जवळ जाण्याचा मोह आवरतो.

हे शोधायला राजस्थानपर्यंत जायलाही नको. फणसाड अभयारण्य आमच्या शेजारीच आहे. एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, 1986 पासून अभयारण्य. तिथल्या पाणवठ्यांना 'गाण' म्हणतात : फणसाडगाण, चिखलगाण. पावसाळ्यात जिथे पाऊल ठेवायला कोरडी जागा मिळत नाही, तिथे मे महिन्यात मोजके पाणवठे उरतात. अशा पाणवठ्यावर आपण डबे उघडून, गाणी लावून तासभर बसलो, तर सांबर झाडीत थांबून राहतं. ते तक्रार करत नाही. त्याची पाण्याची वेळ आपण घेतली, हे आपल्याला कळतही नाही.

आणि खरं सांगायचं तर यजमान होण्याचं दुःख आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना चांगलं ठाऊक आहे. एप्रिल-मे महिन्यांत वाड्यावस्त्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात आणि सुट्टीला आलेला पाहुणा दिवसातून तीनदा आंघोळ करतो. तो वाईट नसतो. त्याने पैसे मोजलेले असतात आणि नळाला पाणी येत असतं. त्याच्यावर आपण चिडतो. पण तीच फूटपट्टी आपण पाहुणे होऊन जातो तेव्हा घरी विसरतो. माझ्या पुतणीच्या तोंडचे शब्द त्या पाहुण्याचेच होते, आणि मामांनी विचारेपर्यंत ते मलाही खटकले नव्हते.

पुतणीने मला विचारलं, "सगळंच घरून नेलं, तर तिथल्या लोकांना काय मिळणार?" प्रश्न रास्त आहे. तिला मी एवढंच सांगितलं : जे तिथे दुर्मीळ, त्याची सोय आपण आधीच करून जायचं. जे तिथे भरपूर, ते तिथल्या माणसांकडून योग्य दाम देऊन घ्यायचं. पाण्याचे कॅन शहरातून भरून घ्या. बाजरीची भाकरी तिथल्या चुलीवरची खा. वाट दाखवणारा माणूस तिथलाच घ्या आणि त्याच्या मजुरीत घासाघीस करू नका. जैसलमेरजवळ आकलला अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके आहेत. ते डोळे भरून पाहा, पण त्यातला खडाही खिशात घालू नका.

काल संध्याकाळी तिने नवी यादी मामांना वाचून दाखवली. पाणी सगळ्यांत वर होतं. मामांनी मान डोलावली आणि आपल्या होडीचा नियम सांगितला : किनारा दिसेपर्यंत पिंपातलं पाणी सांडायचं नाही, कितीही उरलेलं असो. समुद्रात दुसऱ्या होडीचं इंजिन बंद पडलेलं असू शकतं.

"आणि किनाऱ्याला लागल्यावर उरलेलं?" धाकट्याने विचारलं.

मामांनी ओटीसमोरच्या माडाकडे बोट केलं. राजस्थानात पाखरांसाठी झाडाला पाण्याचं मातीचं भांडं टांगतात, त्याला 'परिंडा' म्हणतात, हे मी त्याला सांगितलं. त्याने आईच्या हातातून पेन घेतलं आणि यादीच्या तळाशी लिहिलं : उरलेलं पाणी परिंड्यात.