दोन घरांचा हिशेब

परवा एका शाळेच्या बक्षीस समारंभात पाहुण्यांनी ते वाक्य म्हटलंच : मुलगी शिकली की दोन घरं सुधारतात. टाळ्या पडल्या. नववीतल्या मुली तेव्हा औक्षणाची तबकं आणि चहाचे कप सांभाळत होत्या, मुलगे माइक आणि प्रोजेक्टर. मुलगा शिकला की किती घरं सुधारतात, हे कुणी मोजत नाही. त्याच्या शिकण्याला घराची सबब लागत नाही.

हे वाक्य आपण जोतिबा-सावित्रीबाईंच्या खात्यावर खपवतो. १८४८, भिडेवाडा, अंगावर आलेलं शेण : सगळं पाठ आहे. पण त्यांच्याच शाळेतल्या मुक्ताने १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलं. त्यात बाळंतपण येतं, तेही आदर्श मातेचं कर्तव्य म्हणून नव्हे. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायांच्या वतीने ती समाजाला जाब विचारते.

‘दोन घरं’ नंतर आली, आणि तिथेच आपण इतिहास चुकीचा वाचतो. १८८४ साली पुण्यात मुलींचं हायस्कूल, म्हणजे आपली हुजूरपागा, निघालं तेव्हाचा वाद ‘शिकवा’ विरुद्ध ‘शिकवू नका’ असा सांगितला जातो. खरं तर लिहिण्यावाचण्यापुरता विरोध तोवर बराच निवळला होता. टिळकांच्या वृत्तपत्रांचा रोख होता इंग्रजीवर, मुलांसारख्या अभ्यासक्रमावर, दिवसभराच्या शाळेवर. मग घरकाम कधी शिकायचं? यावर बहुतेक सुधारकांचं उत्तर असं की शिकलेली स्त्री अधिक चांगली पत्नी आणि आई होईल. म्हणजे भांडणारे दोन, पण हिशेबाची वही एकच : घराची. दार उघडलं ते या अटीवर.

१९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं. जपानच्या महिला विद्यापीठाचा नमुना समोर होता. मातृभाषेतून उच्च शिक्षण देऊन त्यांनी इंग्रजीपाशी अडलेल्या कितीजणींची वाट मोकळी केली. ते ऋण मोठंच आहे. पण ‘बायकांसाठी वेगळे विषय’ ही अटही त्यांनीच अभ्यासक्रमात बसवली.

ती अट मोडायला सांगितली हंसा मेहतांच्या समितीने, १९६०च्या दशकाच्या आरंभी : मुलामुलींचा अभ्यासक्रम एकच हवा. गंमत म्हणजे बडोद्याच्या विद्यापीठात गृहविज्ञान रुजवणाऱ्याही त्याच. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ऐवजी ‘सर्व मानव’ आलं, तेही त्यांच्या आग्रहामुळे. समारंभांत मात्र हे नाव ऐकू येत नाही. ते घेतलं तर दोन घरांचं वाक्य म्हणता येणार नाही.

त्या दिवशी विज्ञानाचं पहिलं बक्षीस तबक धरून उभ्या असलेल्या एका मुलीला होतं. नाव पुकारलं तेव्हा तबक कुणाकडे द्यावं म्हणून ती क्षणभर इकडेतिकडे पाहत राहिली. शेवटी ते तिने शेजारच्या मुलीच्या हातात दिलं.