सहा मिनिटांची चाल

कयाधूकाठच्या नरसीहून संत नामदेवरायांची पालखी निघाली की इकडच्या माणसाचे पाय घरात ठरत नाहीत. पण ज्याचे हृदयच थकले आहे, त्याने काय करावे? देह पडला तर पडो म्हणून निघावे, की मागे राहावे?

हृदय फार दुबळे झालेल्या काही रोग्यांच्या छातीत डॉक्टर एक लहान पंप बसवतात. तो डाव्या कप्प्यातले रक्त ओढून महाधमनीत ढकलतो. त्याची तार पोटातून बाहेर येते, बॅटऱ्या अंगावर वागवाव्या लागतात. रक्त अखंड धारेने वाहते, म्हणून पुष्कळदा मनगटाला नाडी लागत नाही. माणूस मात्र चालतो, बोलतो.

अशा रोग्याची शक्ती पाहण्याची एक साधी चाचणी आहे. सपाट, लांब जागेत आपल्या चालीने सहा मिनिटे चालायचे. दम लागला तर थांबावे, भिंतीला टेकावे, पुन्हा निघावे. घड्याळ मात्र थांबत नाही. किती मीटर झाले, दम किती लागला, हे लिहून घेतात. तपासणारा रोग्याच्या पुढे चालत नाही, नाहीतर रोगी त्याचीच गती धरतो. पंपाचा वेग ठरवून दिलेला असतो. चालू लागले म्हणून तो निरोगी हृदयासारखा आपसूक वाढत नाही. पंप बसवला तरी मर्यादा उरतेच. ती नेमकी कळावी म्हणून ही चाचणी.

सज्जनहो, इथे थांबणे लाजेचे नाही. दम लपवणे मात्र खोटेपणा. त्या खोट्या मापावर पुढचे उपचारही चुकतील. वारीलाही हाच न्याय लावावा. ‘मी चालणारच’ यात भक्ती किती आणि ‘मी’ किती, हे ज्याचे त्याने तपासावे. सोबत्यांनीही ‘चला, काही होत नाही’ म्हणत त्याला ओढू नये.

कोणी म्हणेल, भक्तीला कसला आला हिशेब? खरे आहे. पण देह आपण घडवलेला नाही, तो सांभाळायला मिळालेला आहे. औंढ्याला नामदेवरायांना देवळासमोर कीर्तन करू दिले नाही, तेव्हा ते मागे जाऊन उभे राहिले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, असे आपण ऐकत आलो. त्यांनी समोरच्या जागेचा हट्ट धरला नाही. कीर्तन सोडले नाही. पुढे पंढरीतही त्यांनी महाद्वारातली पायरीच मागितली.

वैद्याला खरे सांगावे. झेपेल तेवढे नाम घेत चालावे, न झेपेल तिथे बसून नाम घ्यावे. विटेवरचा तो थांबायला शिकलेलाच आहे.

राम कृष्ण हरी.